रंग कल्पनेतले नाहीत

'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'मधले समुद्राचे रंग ही ज्यूल व्हर्नची निव्वळ कल्पना, असं कुणीतरी म्हटलंय. मला अजिबात पटलं नाही. १८७०च्या त्या कादंबरीतला राक्षसी माकूल (स्क्विड) चिडला की राखाडीचा तांबूस तपकिरी होतो. मालवणला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढल्यावर वाळूवर पडलेलं ताजं माकूल जवळून बघा. कातडीवर तांबडे-तपकिरी ठिपके असतात. ते क्षणात पसरतात, क्षणात टाचणीच्या टोकाएवढे होतात, जीव गेल्यावरही थोडा वेळ लुकलुकत राहतात. प्रत्येक ठिपका म्हणजे रंगाची पिशवी, भोवतीचे स्नायू तिला ताणतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मासे घ्यायचं विसरून तिथेच बसून राहिले होते!

दुधाळ समुद्राचंही तेच. बंगालच्या उपसागराच्या तोंडाशी कादंबरीतल्या नॉटिलस पाणबुडीभोवती रात्री पांढरंशुभ्र पाणी पसरतं, आणि कथा सांगणारा प्राध्यापक त्याचं कारण सूक्ष्म प्रकाशमान जीव असं सांगतो. १९८५ साली अरबी समुद्रातल्या अशाच पाण्याच्या नमुन्यात चमकणारे जिवाणू सापडले. जीव कोणता हे व्हर्नचं चुकलं, पण दिशा बरोबर होती.

संक्षिप्त आवृत्ती वाचली असेल तर मूळ पूर्ण कादंबरी जरूर वाचा. आटोपशीर करताना आधी कात्री लागते ती नेमकी या वर्णनांना.