पाऊस सरला, आता कुठं फिरताय? (दसरा ते तुळशीचं लग्न, आपल्या भागातले अनुभव)

परतीचा पाऊस एकदाचा गेला की आमच्या बेळगावात जे दीड-दोन महिने येतात ना, ते घरात बसून घालवायचे नाहीत असं माझं ठाम मत आहे. जून ते सप्टेंबर छत्री आणि जर्किन, डिसेंबरात पहाटे अंथरूण सोडवत नाही, मार्चनंतर धूळ, मग उरलं काय? म्हणून हा धागा. चालणं, सायकल, बाग, पाहुण्यांकडं जाणं, काहीही चालेल, फक्त घराबाहेरचं पाहिजे आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी भागातलं पाहिजे. फोटो नंतर टाका, आधी रस्ता कसा आहे, काय दिसलं, काय खाल्लं ते सांगा.

मी टिळकवाडीची, माझं ठरलेलं म्हणजे व्हॅक्सिन डेपो, इथलं झाडीचं मोकळं आवार. पावसाळ्यात तिथली पायवाट चिखलाची, चप्पल अडकते, ऑक्टोबरात मात्र माती घट्ट बसलेली असते, धूळ अजून उडत नसते, झाडं धुतलेली. माझ्या नवऱ्याला मात्र काँग्रेस रोडच आवडतो, ट्रॅफिक असला तरी. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर तिथंच आहे, गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन, आणि रोज त्या विहिरीवरून जाणाऱ्या निम्म्या लोकांना ते माहीत नाही असं तो रोज मलाच ऐकवतो.

यळ्ळूरचा शेतकरी
ताई, आमच्याकडं हे दिवस म्हणजे सुगी, फिरणं-बिरणं कसलं. कापणीला माणूस मिळत नाही म्हणून पुण्यात जॉबला असलेला भाऊपण सुट्टी टाकून येतो. पण खरं सांगू, वर्षात घरची सगळी माणसं एका बांधावर बसून जेवतात ती याच दिवसात. भाकरी, मसुरीची आमटी, खर्डा, कांदा बुक्कीनं फोडून. आमचा बासमती उशिरा येतो, बाकीचं भात पिवळं पडलं तरी तो हिरवाच, आणि फुलोऱ्यात आला की संध्याकाळी बांधावरनं चालताना असा वास येतो की घरी जाऊ वाटत नाही. आता लावणारे कमी झाले, उतारा कमी, ताट उंच वाढतं आणि एक सर आली की आडवं पडतं, मग कोण लावणार? आम्ही घरच्यापुरता ठेवलाय. भात निघालं की ओल आहे तोवर लगेच मसूर, वाटाणा, हरभरा टाकायचा, काळी जमीन आहे, मागनं पाणी द्यायला लागत नाही, ओलीवर आणि थंडीवर येतं. परतीचा पाऊस कापलेल्या भातावर पडला तर मात्र जीव खालीवर, लोंबीतच कोंब फुटतात.

सायकलवाल्यांना एकच विनंती, आमच्या यळ्ळूरच्या राजहंसगडाकडं येताना रस्त्याकडेला पिंजर (भाताचा पेंढा) नाहीतर भात वाळत घातलेलं असतं, त्यावरनं सायकल घालू नका ओ. गडावर जरूर या. शिवाजी महाराजांचा पुतळा 2023 ला झाला तेव्हापासून रविवारी गर्दी असते, म्हणून शक्यतो मधल्या वारी या, सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन मग तटावर उभं राहा, खाली कापलेलं भात, न कापलेलं भात आणि ऊस असे तीन रंगाचे तुकडे दिसतात, त्यातला एक आमचा.

हिंदवाडी सायकलवाला
अण्णा, पिंजरीवरनं नाही जाणार, चेनमध्ये अडकते ती, अनुभव आहे 😀
आमचा ग्रुप वेंगुर्ला रोडनं जातो. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची, आणि मग शिनोळी. बाचीपर्यंत कर्नाटक, शिनोळीला महाराष्ट्र, म्हणजे चहा परराज्यात पिऊन नाष्ट्याला घरी परत. चढउतार आहेत पण गिअरची सायकल नसली तरी जमतं. या दिवसात उचगाव, बेकिनकेरे भागात रताळी काढणी असते, नवरात्राच्या उपवासाला तर मागणी असतेच. रस्त्याकडेला तांबड्या मातीसकट ढीग लावलेले असतात. एका आजीनं पैसे घेतले नाहीत आणि वर विचारलं, "काय करुलालास रे लेका एवढ्या सकाळी, कामधंदा नाही काय?" उत्तर नव्हतं. रताळी जर्सीच्या मागच्या खिशात घालून आणली. टीप: जाताना मजेत जाल, येताना पूर्वेचा वारा तोंडावर येतो, दम राखून ठेवा.

शहापूरची काकू
मला गुडघ्यामुळं चालवत नाही, माझं सगळं अंगणात. दसऱ्याला झेंडूचा भाव चढलेला आणि दुसऱ्या दिवशी तोच झेंडू कोण विचारत नाही, म्हणून मी घरचाच लावते. शेवंतीचं विचारतात पुष्कळ जणी. दिवस लहान व्हायला लागले की ती कळ्या धरते, म्हणून शेंडे खुडायचे ते श्रावणापर्यंतच, नवरात्रात खुडत बसलात तर फुलं विसरा. पाऊस थांबला की जास्वंदीवर पांढरा चिकटा येतो बघा कापसासारखा, आधी पाण्याचा जोरात फवारा मारून पाडायचा, मग कडुलिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी, तेही उन्हं उतरल्यावर. लसूण, मेथी, मुळा याच दिवसात टाका. गोगलगाई रात्री बॅटरी लावून वेचायच्या, नातवाला एक रुपयाला एक असा दर दिलाय, फार महागात पडलंय.

खानापूरकर
सगळे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला म्हणून गाड्या काढतात, या की, मलप्रभेचा उगम कणकुंबीलाच आहे, माउलीचं देऊळ बघा, हिरवळ अजून टिकून असते. पण रानात वाट सोडून घुसू नका. आमच्याकडं अस्वलं आहेत, गवे आहेत, आणि सुगीच्या दिवसात भातावर हत्ती येतात, आम्ही रात्र रात्र माळ्यावर बसून राखण करतो आणि फिरायला येणारे तिथंच तंबू ठोकायचं म्हणतात. आमच्याकडचं भीमगडचं रान 2011 पासून अभयारण्य आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय जायचं नाही. बारापेडेच्या गुहांत जी वटवाघळं आहेत तसली जगात फार थोड्या ठिकाणी सापडलीत, तिथं जाऊन रील करायची काही गरज नाही. रागावून लिहिलं असेल तर सोडून द्या.

कॅम्पातला
खानापूरकर, अस्वलाचं काय सांगता, 2022 च्या ऑगस्टात आमच्या गोल्फ मैदानात बिबट्या होता, शाळा बंद, शोधायला हत्ती आणलेले, तरी सापडला नाही. आमचे वडील अजून रेसकोर्सकडं फिरायला जाताना काठी घेतात. कुत्र्यांसाठी म्हणतात.

निपाणीची माहेरवाशीण
लग्न होऊन बेळगावात आले, भाऊबीजेला निपाणीला जायचं म्हणजे हायवेला दोन्ही बाजूला ऊसतोड सुरू, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागं आपली गाडी, ओव्हरटेक करायचा धीर होत नाही आणि मुलं मागनं "मामा वाट बघतोय" म्हणून ओरडतात. पण मला आवडतं ते नंतरचं, कार्तिकातलं आवळी भोजन. मामाच्या मळ्यात विहिरीजवळ एक जुना आवळा आहे, त्याखाली सतरंज्या टाकून चुलत-मावस सगळी गोळा होतात. पुऱ्या, मसालेभात, वांग्याची भाजी. आमच्या वैनी घरनं सगळं करून आणतात आणि भाऊ तिथं येऊन नुसती चूल पेटवतो आणि मग दिवसभर "मी केलं" म्हणतो. शेजारी तंबाखूची हिरवीगार पानं, मुलांना ती भाजी वाटते.

पुण्यातला बेळगावकर
पाडव्याला म्हशी पळवतात ते कुणीच लिहिलं नाही?? शिंगं रंगवून, कवड्यांच्या माळा, मोरपिसं लावून, आणि पुढं सायलेन्सर काढलेली मोटरसायकल. आवाजानं कान बसतात पण मी दरवर्षी चव्हाट गल्लीत हजर. आणि किल्ले! मुलीला घेऊन येतो तेव्हा गल्लीतल्या पोरांच्या किल्ल्यावर मोहरी पेरायचं काम तिला मिळतं. चार दिवसांत उगवते म्हणून ती रोज व्हिडिओ कॉलवर दाखवा म्हणते. यंदा तिला राजहंसगडाचाच किल्ला करायचाय, यळ्ळूरकर अण्णा, बुरूज किती आणि दरवाजा कुठल्या तोंडाला ते जरा सांगा.

यळ्ळूरचा शेतकरी
फोटो काढून टाकतो उद्या. पण कापणीला येणार असाल तर प्रत्यक्षच बघा, विळे आहेत.