पंधरा-वीस वर्षांनी आयटी कंपनी सोडायची, तर स्वतःहून की सांगितल्यावर?

मुळशीकर

एकाच कंपनीत अठरा वर्षं काढून राजीनामा टाकलाय. ट्रेनी म्हणून लागलो, डिलिव्हरी मॅनेजर म्हणून बाहेर पडतोय. नोटीस पिरियड चालू आहे, पुढची ऑफर हातात नाही. जो भेटतो तो आवाज खाली आणून विचारतो, "काढलं का रे?" नाही काढलं. काढण्याआधी निघालो, आणि तेच बरोबर आहे असं माझं म्हणणं आहे.

सर्व्हिस कंपनीत ज्यांची पंधराच्या वर वर्षं झालीत आणि घराचा हप्ता आटोक्यात आहे, त्यांनी कंपनीच्या बोलावण्याची वाट बघू नये. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जवळपास दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं, आणि त्यात मधल्या व वरच्या फळीतले जास्त असतील हेही सांगून टाकलं. आमच्या आईवडिलांच्या लेखी टीसीएस म्हणजे सरकारी नोकरी. तिथं हे झाल्यावर बाकीच्यांकडं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

हिशेब सरळ आहे. फ्रेशरचं पॅकेज वर्षानुवर्षं साडेतीन लाखांच्या आसपास अडकलंय. आमचा पगार पाच-सहा टक्क्यांनी का होईना, चढत गेला. एका मॅनेजरच्या पैशात आठ-दहा पोरं येतात. त्यात मॅनेजर बिलेबल नसेल, म्हणजे त्याच्या तासांचे पैसे क्लायंट देत नसेल, तर तो निव्वळ खर्च. आणि आता करार नव्यानं करताना क्लायंट तोंडावर विचारतो, "एआयनं काम लवकर होतं म्हणता ना, मग रेट किती कमी करताय?"

जितकं थांबावं तितकं आपलं ज्ञान त्या चार भिंतींपुरतं होत जातं. कुणाला फोन केला की माणूस मिळतो, कुठली अप्रूव्हल कुणाकडं अडते, हे मला झोपेतही सांगता येईल. गेटबाहेर त्याला कोण विचारतो?

---

मेनफ्रेमवाला

साफ असहमत.

मीही तुमच्याच वयोगटातला, कंपनी दुसरी. तुम्ही जे लिहिलंत त्यावरून एवढंच ठरतं की कंपनीला आपण महाग पडतोय. मग महाग पडणाऱ्यानं स्वतःहून उठून कंपनीचा खर्च का वाचवायचा? काढायचं असेल तर त्यांनी काढावं, वर दोन-तीन महिन्यांचे पैसे द्यावेत. तुम्ही फुकटात निघालात.

दुसरं म्हणजे आईवडिलांचा मेडिक्लेम. सत्तरी ओलांडलेले, एकाला मधुमेह, एकाची बायपास झालेली. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत पहिल्या दिवसापासून सगळं कव्हर असतं. शेवटच्या दिवशी कार्ड जमा केलं की ते संपलं. बाहेर त्यांना नवी पॉलिसी देणारा शोधून दाखवा, आणि मिळाली तर हप्ता इथं लिहा.

---

बेंचवरचा बंड्या

मुळशीकर काकांना +१. तुमच्या वयाचे सगळे असेच निघाले तर आम्हाला प्रमोशन मिळेल 😄 आमच्या अकाउंटमध्ये पाच मॅनेजर आहेत आणि काम करणारे आम्ही सात.

---

मेनफ्रेमवाला

बंड्या, रात्री दोनला बॅच जॉब (रात्री आपोआप चालणारं काम) ॲबेंड झाला, म्हणजे मध्येच बंद पडला, की त्या पाचांपैकी कुणाला फोन लावतोस ते पण लिही.

---

बेंचवरचा बंड्या

एकालाच. बाकी चार कॉलवर येऊन "एनी अपडेट?" विचारतात.

---

कायद्याचा किडा

वर "काढलं तर पैसे मिळतात" असं आलंय, त्यावर थोडं. आयटीत "काढणं" कागदावर क्वचितच दिसतं. मीटिंग रूममध्ये बोलावतात, एचआर आणि एक वरचा बसलेला असतो, आणि राजीनामा मेल करा म्हणतात. केला की तुम्ही स्वेच्छेनं गेलात. पैसे दिले तर ती कंपनीची मर्जी. औद्योगिक विवाद कायद्यात कपातीची भरपाई होती, पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. पण ती "कामगार" या व्याख्येत बसणाऱ्याला. मॅनेजरकीचं काम करणारा त्या व्याख्येबाहेर जातो. म्हणजे ज्या प्रमोशनचे पेढे वाटले, त्याच दिवशी ते छत्र गेलं. तुम्ही नक्की काय काम करत होता यावर वाद घालता येतो, पण तो घालायला वकील आणि वर्षं दोन्ही लागतात.

ग्रॅच्युइटी मात्र दोन्ही वाटांनी मिळते. आधी १९७२ चा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता; पाच वर्षं पूर्ण झाली की हक्क. शेवटचं बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. बेसिक ७० हजार आणि अठरा वर्षं धरली तर ७ लाख २७ हजारांच्या आसपास. अठरा वर्षं आणि सहा महिन्यांच्या वर झालं की एकोणीस धरतात, त्यामुळे तारीख बघून राजीनामा टाका. साध्या गोष्टीत लोक चाळीस हजार सोडून येतात.

रजेचे पैसे मिळाले तर खाजगीतल्यांना २०२३ पासून २५ लाखांपर्यंत करमाफी आहे, पूर्वी ती फक्त ३ लाख होती.

---

मुळशीकर

मेनफ्रेमवाला, ते दोन-तीन महिन्यांचे पैसे घेणारे आमच्याकडचे लोक मी पाहिलेत. पैसे मिळाले, पण पुढची मुलाखत देताना मान खाली गेलेली असते. समोरचा काही न विचारताही ओळखतो. मी स्वतःहून निघालोय हे सांगताना माझा आवाज वेगळा असतो. त्याची किंमत मला त्या पैशांपेक्षा जास्त वाटते.

शिवाय ९० दिवसांच्या नोटीसचं काय? आत बसून नोकरी शोधली तर पहिला प्रश्न, "नोटीस किती?" तीन महिने म्हटलं की समोरून फोन कट. शेवटचे वीस दिवस उरलेत म्हटलं की तोच माणूस परत फोन करतो.

मेडिक्लेमचा मुद्दा मान्य. त्याला माझ्याकडं चोख उत्तर नाही. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागता येतं आणि प्रतीक्षा काळाचा हिशेब पुढं धरतात, पण स्वीकारायचं की नाही हे शेवटी तेच ठरवतात. मी राजीनाम्याच्या आधीच वडिलांची वेगळी पॉलिसी करून ठेवली होती. सगळ्यांनीच ते नोकरीत असताना करावं.

---

एचआर काकू

मी भरतीच्या बाजूला बसते, म्हणून तिकडचं चित्र.

एकाच कंपनीत अठरा वर्षं हा दोष नाही. त्या अठरा वर्षांत *तुम्ही* काय केलंत हे सांगता न येणं हा दोष आहे. रेझ्युमे येतात आठ पानांचे. प्रत्येक ओळीत "टीमने मायग्रेशन पूर्ण केले", "अकाउंट वाढवण्यात सहभाग". मी विचारते, बरं, पण तुम्ही घेतलेला एक निर्णय सांगा जो चुकला असता तर क्लायंट गेला असता. समोर शांतता. मग स्टेकहोल्डर मॅनेजमेंटवर दहा मिनिटं.

आता बालेवाडी-खराडीला परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं, ती जीसीसी म्हणतात ती, भराभर माणसं घेतायत. तिथं पंधरा-अठरा वर्षांच्या माणसाला मागणी नाही असं मुळीच नाही. पण कोड वाचता आला पाहिजे, आर्किटेक्चरवर वाद घालता आला पाहिजे. एक्सेलमध्ये माणसं हलवणाऱ्याला तिथं कुणी विचारत नाही.

त्यामुळे "स्वतःहून निघा" हा सल्ला अर्ध्या लोकांसाठी घातक आहे. आधी सहा महिने स्वतः कोडमध्ये हात काळे करा, मग राजीनामा टाका. आणि मुळशीकर, आवाज वेगळा असतो वगैरे खरं असेल, पण आमच्या सिस्टीममध्ये "सध्या नोकरीत: नाही" या टिकमार्कला आवाज नसतो. तीन महिन्यांनंतर तर नाहीच.

---

सातारी तडका

कंपनी सोडा नाहीतर धरून बसा, फक्त गावाकडं येऊन ड्रॅगन फ्रूट लावू नका. आमच्या पंचक्रोशीत बरेच जण लावून बसलेत. आणि ग्रॅच्युइटीचे पैसे मेहुण्याच्या मिसळीच्या हॉटेलात घालू नका. हे स्वानुभवातून, तपशील विचारू नये.

---

न्यू जर्सीकर

इथं बसून वाचताना गंमत वाटते. मीही त्याच कंपनीत आहे जिनं मला २००८ साली पाठवलं, आणि लोक म्हणतात किती निष्ठा! निष्ठा कसली, आय-१४० (कंपनीनं ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर होऊन पडलाय आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग हलत नाही. कंपनी बदलली तर प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा, टिकते, पण नव्या मालकाला लेबर सर्टिफिकेशनपासून, म्हणजे अगदी पहिल्या पायरीपासून, परत सुरू करावं लागतं. आणि "स्वतःहून बाहेर पडा" असं एच-१बी (कामाचा व्हिसा) वाल्याला सांगून बघा. नोकरी संपल्यावर हातात जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात दुसरा मालक किंवा दुसरा व्हिसा जमला नाही तर घर, गाडी, मुलांची शाळा गुंडाळून विमानतळ.

मुळशीकरांचा मुद्दा पुण्यात घर असलेल्या, हप्ता संपत आलेल्या माणसाचा आहे. तो चूक नाही, पण त्याला सगळ्यांवर लावू नका.

---

अवनी_क

मला एक साधा प्रश्न आहे, मुळशीकर. घरात दुसरा पगार आहे का?

---

मुळशीकर

आहे. बायको बँकेत आहे.

---

अवनी_क

हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं होतं.

मी चौदा वर्षं एका ठिकाणी आहे. हुशार मैत्रिणी तीन-तीन कंपन्या बदलून माझ्या दीडपट पगार घेतात, मला माहीत आहे. मी का थांबले? दोन बाळंतपणं या कंपनीत झाली. दुसऱ्या वेळी २६ आठवड्यांची रजा झाली (२०१७ च्या दुरुस्तीमुळे), परत आले तेव्हा माझी जागा होती. सहाला निघते, मुलांचं आवरून नऊला परत लॉगिन करते, आणि कुणी "लवकर निघालात" म्हणत नाही, कारण इतकी वर्षं माझं काम अडलेलं कुणी पाहिलेलं नाही. नव्या ठिकाणी पहिले आठ महिने हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून, साडेनऊला हजर राहून मला हे सगळं पुन्हा सिद्ध करावं लागेल. वर कुणीतरी लिहिलंय की गेटबाहेर ओळखीपाळखीला किंमत नाही. गेटच्या आत आहे ना? मी आत आहे.

धागा वाचून असं वाटतं की थांबणारे सगळे घाबरट. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी हिशेब करून थांबायचं ठरवलंय, आणि तो हिशेब पगाराच्या स्लिपवर दिसत नाही.

---

एचआर काकू

अवनी, पटलं. फक्त एक गोष्ट बघ. तो विश्वास तुझ्या मॅनेजरच्या डोक्यात आहे, कंपनीच्या नाही. तो गेला किंवा अकाउंट गेलं की नव्या माणसापुढं तू "सहाला निघणारी" एवढीच उरतेस. मी हे पुष्कळदा पाहिलंय.

---

अवनी_क

माहीत आहे. म्हणूनच रेझ्युमे दर दिवाळीला सुधारून ठेवते. पण तेवढ्यासाठी आजच उठून जायचं?

---

मुळशीकर

अवनी, दुसऱ्या पगाराचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यानं माझा मुद्दा पडत नाही. ज्याला एकच पगार आहे त्याला तर अचानक मीटिंग रूममध्ये बोलावणं जास्त महागात पडेल. त्यानं जास्त आधी तयारीला लागायला हवं. न्यू जर्सीकर, तुमची अडचण व्हिसाची आहे, तिथं मी गप्प.

आणि काकू, हात काळे करण्याबद्दल शंभर टक्के. पण सांगा, दिवसाचे आठ तास कॉलवर, रात्री अमेरिकेचा कॉल, शनिवारी रिलीज. हे करता करता कोण शिकतं? मी दोन वर्षं "उद्यापासून पायथॉन" करत होतो. नोटीस चालू झाल्यावर पहिल्यांदा सलग काही शिकलो, कारण पहिल्यांदाच कुणी मला मीटिंगला बोलावत नव्हतं.

---

कायद्याचा किडा

जाणाऱ्यांसाठी, वाद बाजूला ठेवून. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं टाकली का ते बघा. नाही टाकली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी स्वतः टाकता येते. पीएफ तसाच पडू दिला तर नोकरी सोडल्यानंतरचं व्याज करपात्र होतं, हे बऱ्याच जणांना आयकराची नोटीस आल्यावर कळतं. ईपीएसची (पीएफसोबतची पेन्शन योजना) सेवा दहा वर्षांपुढं गेली की ते पैसे काढता येत नाहीत, पेन्शनच. तिच्यावर विसंबू नका. अठरा वर्षांना पूर्ण १५ हजार पगार धरला तरी १५,००० × १८ ÷ ७० म्हणजे महिना ३,८५७ रुपये, तेही ५८ व्या वर्षापासून.

आणि "दोन वर्षं प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही" असं लिहून घेतलं असेल तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ वाचा. नोकरी सुटल्यानंतर अशी अट आपल्याकडं टिकत नाही. क्लायंटची माहिती चोरून नेली तर मात्र वेगळं प्रकरण.

---

मेनफ्रेमवाला

किडा, कामाची माहिती. धन्यवाद.

मुळशीकर, तुम्ही तयारीबद्दल बोलायला लागलात, तिथं भांडण नाही. पण तुमचा मूळ सल्ला "निघा" आहे, "तयारी करा" नाही. मुलगी यंदा अकरावीत आहे, कर्जाची चार वर्षं उरलीत. मी माझी खुर्ची सोडणार नाही. काढतील तेव्हा काढतील. राजीनामा मेल करा म्हणाले तर मी म्हणेन, तुम्ही लेखी द्या. नंतर जे होईल त्यावर धागा मी काढेन, तुम्ही खाली "सांगितलं होतं" लिहा. चालेल?

---

मुळशीकर

चालेल. पण त्या खोलीत लेखी मागणारा मी अजून एकही पाहिलेला नाही.

---

मेनफ्रेमवाला

मग पहिला बघाल.