कॅथलिक युनिव्हर्सिटीला रेकॉर्ड देणगी आली म्हणतात आणि त्याच पत्रात तूट पण, हे कसं काय? मुलगी तिथं शिकतेय

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. माझी मुलगी अमेरिकेत एका कॅथलिक युनिव्हर्सिटीत एमएस करतेय, पहिलं वर्ष संपत आलंय. आम्ही सांगलीचे, तिचं बीटेक वालचंदला झालं, घरात याआधी कुणी बाहेरदेशी शिकायला गेलेलं नाही त्यामुळं तिकडचा कारभार काही कळत नाही. मागच्या आठवड्यात तिथल्या प्रेसिडेंटचं पत्र सगळ्या विद्यार्थ्यांना आलं ते तिनं मला पाठवलं. वर देणगीदारांचे आभार, यंदा आजवरची सगळ्यात जास्त देणगी गोळा झाली असं लिहिलंय, आणि खाली त्याच पत्रात बजेटमध्ये तूट आहे, रिकाम्या जागा भरणार नाही, काही कोर्स बंद करणार, पगारवाढ थांबवणार असं पण लिहिलंय. पैसे एवढे आलेत तर तूट कुठनं आली?

मी दोन रात्री झोपलो नाही खरं सांगतो. घर तारण ठेवून बँकेचं कर्ज काढलंय. तिला फीच्या काही भागाची स्कॉलरशिप आहे, ती कुठल्यातरी देणगीदाराच्या नावानं आहे. उद्या युनिव्हर्सिटीच बंद पडली तर? स्कॉलरशिप काढून घेतली तर? आणि चर्चची संस्था आहे तर चर्च पैसे देत नाही का अडचणीच्या वर्षात? कुणाला माहिती असेल तर सविस्तर सांगा, प्लीज.

कृष्णाकाठ_७

दादा एवढं टेन्शन घेऊ नका. कॅथलिक म्हणजे मागं व्हॅटिकन आहे, ते आपली युनिव्हर्सिटी बुडू देणार नाहीत असं मला तरी वाटतं. आणि नोत्र दामसारख्या युनिव्हर्सिटीकडं तर अब्जावधी डॉलरचा फंड आहे, ती पण कॅथलिकच आहे ना.

सातारा_सीए

विश्रामबागकर दादा, मी साताऱ्यात ट्रस्टची ऑडिट करतो, शाळा असतात, देवस्थानं असतात, त्यामुळं तुमचा प्रश्न वाचल्या वाचल्या कळला. देणगी कशासाठी दिली हे देणारा लिहून देतो आणि तो पैसा तिथंच लागतो, सगळी गोम इथं आहे. गावात देवळाच्या कळसासाठी वर्गणी भरपूर जमली आणि त्याच वर्षी देवस्थानचं लाईटबिल थकलं, तर कळसाचा पैसा बिलाला घालता येतो का, नाही येत, घातला तर गाव जाब विचारणार. अमेरिकेत तर तसा कायदाच आहे, देणगीदाराची अट मोडली तर युनिव्हर्सिटीवर केस होऊ शकते.

आता पत्रातल्या रेकॉर्डवाल्या आकड्यात काय काय असतं ते बघा. एक तर बरीचशी रक्कम कबुलीची असते, म्हणजे पाच वर्षांत देतो म्हणून लिहून दिलेली, काही मृत्युपत्रात लिहिलेली असते, ती कधी येणार देव जाणे. जी रोख येते त्यातली मोठी रक्कम एंडोमेंटमध्ये जाते. आपल्याकडं त्याला कॉर्पस म्हणतो, मुद्दल हलवायचं नाही. तिकडं साधारण ४ ते ५ टक्के दरवर्षी खर्चाला काढतात. म्हणजे समजा १० कोटी डॉलरची देणगी आली असं मोठ्या अक्षरात छापलं तरी त्यातनं वर्षाला ४०-५० लाख डॉलरच हातात येणार आणि ते पण कुठल्यातरी लॅबला नाहीतर एखाद्या प्रोफेसरच्या पदाला बांधलेले. इकडं शिपायाचा पगार, प्राध्यापकांचा मेडिकल विमा, थंडीतलं हीटिंग, छपराची गळती, याला कोण देणगी देतंय? कुणाचं नाव लागत नाही त्यावर. तो सगळा खर्च फीमधनं निघतो. आणि फी भरणारी पोरं कमी झाली की तूट येते, देणगी कितीही येऊ द्या. तिकडं २००८ च्या मंदीनंतर जन्मदर घसरला, ती पिढी आत्ता कॉलेजच्या वयाला आलीय, म्हणून पोरंच कमी पडायला लागलीत.

स्कॉलरशिपचं मात्र नीट समजून घ्या, इथं लोक फसतात. तिकडं स्कॉलरशिप म्हणून जे देतात त्यातलं बरंचसं खरं तर फीमधली सूट असते, मागं कुणाचा पैसा नसतो. खाजगी कॉलेजात पदवीच्या पहिल्या वर्षाला सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात, म्हणजे छापलेली फी भरतंय कोण. अडचणीच्या वर्षात नवीन पोरांना द्यायची सूट लगेच कमी होऊ शकते. पण तुमच्या मुलीची जर खरोखर देणगीदाराच्या फंडातनं येत असेल तर तो पैसा दुसरीकडं वळवताच येत नाही. जी अट बजेटला नडतीय तीच अट तुमच्या मुलीला वाचवतीय. तिला फायनान्शियल एडच्या ऑफिसात जाऊन एवढंच विचारायला सांगा, ही स्कॉलरशिप एंडोमेंटची आहे का सूट आहे, आणि दुसऱ्या वर्षी चालू राहण्याची अट काय. लेखी घ्या.

युनिव्हर्सिटीचा ऑडिट रिपोर्ट वेबसाईटवर असतो, बऱ्याच संस्थांचा फॉर्म ९९०, म्हणजे तिथल्या करखात्याला द्यायचं वार्षिक विवरण, तो पण कुणालाही बघता येतो. बॅलन्स शीटमध्ये शिल्लक दोन ओळीत दाखवतात, देणगीदाराच्या अटीसह आणि अटीविना. अटीविना वाली ओळ बघा. ती वर्षानुवर्षं आटत असेल तर काळजी. शिवाय अमेरिकेचं शिक्षण खातं प्रत्येक खाजगी संस्थेला आर्थिक तब्येतीचा उणे १ ते ३ मध्ये एक स्कोर देतं, दीड किंवा त्याच्या वर असेल तर ठीक समजतात.

मिरजेची_सून

कृष्णाकाठ भाऊ, मी स्वतः कॅथलिक आहे, माहेर वसई, सासर मिरज. व्हॅटिकनचं जे लिहिलंत तो समज सगळीकडं आहे म्हणून जरा लिहिते. मिरजेत मिशन म्हटलं की लोकांना वानलेस हॉस्पिटल आठवतं, ते १८९४ चं, पण ते प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनचं, आमच्या चर्चचा त्याच्याशी संबंध नाही. तिथं परदेशातल्या मिशन बोर्डाकडनं पैसा आणि डॉक्टर यायचे, म्हणून आपल्या भागात वाटतं की चर्चच्या संस्थेला वरनं पैसा येतो. अमेरिकेतल्या कॅथलिक युनिव्हर्सिट्या तशा चालत नाहीत. बहुतेक युनिव्हर्सिट्या धर्मगुरूंच्या नाहीतर सिस्टरांच्या एकेका संघानं काढलेल्या, जॉर्जटाऊन जेझुइटांची, नोत्र दाम होली क्रॉसवाल्यांची, व्हिलानोव्हा ऑगस्टिनियनांची, आणि पैशाला प्रत्येक जण आपापला जबाबदार. नोत्र दामचा पैसा दुसऱ्या कॅथलिक कॉलेजला मिळत नाही.

आणखी एक गोष्ट आहे जी ताळेबंदात कधी दिसली नाही. आमच्या सिस्टर आणि फादर तिथं शिकवायचे, हॉस्टेल बघायचे, हिशोब लिहायचे, आणि पगार जवळजवळ घेत नव्हते. छोट्या कॅथलिक कॉलेजांचा खरा फंड तोच होता. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत १ लाख ८० हजारांच्या आसपास सिस्टर होत्या, आता ४० हजारांच्या आत आल्यात, त्यातल्या बहुतेक म्हाताऱ्या. त्यांच्या जागी पगारी माणसं आली, येणारच, त्यांना संसार आहेत. पण त्या बायकांनी आयुष्यभर फुकट केलेल्या कामाची किंमत कुणी कधी मोजली नाही याचं मला फार वाईट वाटतं.

सीए दादांनी अटीचं सांगितलं त्यावर एक जुनी गोष्ट आठवली. वॉशिंग्टनला द कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका आहे, १८८७ ची, ही अमेरिकेतल्या बिशपांनी मिळून काढलेली. सुरुवातच एका बाईच्या देणगीतनं झाली, मेरी ग्वेंडोलिन कॉल्डवेल, ३ लाख डॉलर. युनिव्हर्सिटीनं आपला पैसा खजिनदाराच्या भरवशावर सोडला, थॉमस वॅगमन म्हणून जमिनीचा व्यापारी होता, आणि १९०४ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. साडेआठ लाख डॉलरच्या वर रक्कम अडकली, म्हणजे जवळजवळ सगळीच पुंजी. आणि त्याच वर्षी, १९०४ मध्येच, नाइट्स ऑफ कोलंबस या कॅथलिक पुरुषांच्या संघटनेनं ५० हजार डॉलरचा चेक दिला, पण तो अमेरिकन इतिहासाच्या अध्यासनासाठी, म्हणजे एका प्राध्यापकाच्या पदासाठी! खड्डा त्यातनं कसा भरणार. खड्डा भरायला बाल्टिमोरचे आर्चबिशप कार्डिनल गिबन्स उभे राहिले, आणि १९०३ पासून देशभरच्या चर्चमध्ये वर्षातनं एका रविवारी या युनिव्हर्सिटीसाठी जी वर्गणी फिरायची तिचा आधार झाला. त्या वर्गणीला कसलीही चिठ्ठी लावलेली नव्हती, खाणकामगार, मोलकरणी, जे जमेल ते टाकायचे. ती वर्गणी आजही निघते. तरी बघा, जानेवारी २०२५ मध्ये ह्याच युनिव्हर्सिटीनं ३ कोटी डॉलरची तूट भरून काढायला ६६ कर्मचारी कमी केले. त्यामुळं पत्र आलं म्हणजे बंदच पडणार असं नाही काका, आणि चर्च आहे म्हणजे काही होणारच नाही असं पण नाही.

कराड_ते_शिकागो

मी इकडंच आहे, युनिव्हर्सिटीत काम करतो म्हणून थोडं. काका, बंद पडलेली कॅथलिक कॉलेजं आहेत, लपवण्यात अर्थ नाही. मिलवॉकीचं कार्डिनल स्ट्रिच २०२३ ला, ओकलंडचं होली नेम्स २०२३ ला, ऑल्बनीचं सेंट रोझ २०२४ ला, फिलाडेल्फियाजवळचं कॅब्रिनी २०२४ ला. कॅब्रिनीचा कॅम्पस शेजारच्या व्हिलानोव्हानं घेतला. सगळ्यांची गत सारखीच, पोरं कमी, फीवर भिस्त, अटीविना पैसा संपला. मोठी रिसर्चवाली युनिव्हर्सिटी एवढ्यात बंद होत नाही, ती कोर्स कापते, माणसं कापते पण चालू राहते. तुमच्या मुलीची कुठल्या साईजची आहे त्यावर अवलंबून.

समजा वाईटात वाईट झालंच तर मान्यता देणारी संस्था टीच-आउट करायला लावते, म्हणजे दुसऱ्या कॉलेजबरोबर करार करून चालू पोरांना तिकडं डिग्री पुरी करायची सोय करतात. व्हिसाचं रेकॉर्ड पण ट्रान्सफर होतं, पण तारखा पाळायला लागतात, त्यात हयगय चालत नाही.

खरा फटका तिला दुसरीकडं बसू शकतो. टीए म्हणजे शिकवण्यातला मदतनीस, ग्रेडर म्हणजे पेपर तपासणारा, लायब्ररीतली कामं, कॅम्पसवरच्या असल्या नोकऱ्या कपातीत पहिल्यांदा जातात. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासच काम करायची परवानगी असते, त्यावर तिचा किराणा चालत असेल तर पुढच्या वर्षी तो पैसा येईलच असं धरू नका. तिचा कोर्स बंद होणाऱ्या यादीत आहे का ते आजच विचारा, असला तरी आत असलेल्यांना बहुतेक वेळा पुरा करू देतात, पण ऐच्छिक विषय कमी होतात, एखादा विषय दोन वर्षांतनं एकदाच लागतो आणि पोरगी अडकून बसते. आणि बँकेला सांगा सेमिस्टर टू सेमिस्टर पैसे सोडायला, वर्षाची फी आगाऊ भरू नका.

रयतचा_विद्यार्थी

मिरजेच्या ताईंनी त्या रविवारच्या वर्गणीचं लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला, कारण आपल्या साताऱ्यात हेच घडलंय. कर्मवीर अण्णांनी १९१९ ला काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला ती साताऱ्यात आली, बोर्डिंगात सगळ्या जातीची पोरं एकत्र जेवायची. पोरांना धान्य कमी पडलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्र पण. आणि गावोगाव मुष्टिफंड होता, घरातली बाई दळायच्या आधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायची. त्या मुठीवर कुणी अट लिहिली नव्हती, भाकरीला लागलं तर भाकरीला.

१९४८ मध्ये मुंबई सरकारनं संस्थेची ग्रँटच बंद केली. शाळा वाढलेल्या, मास्तरांचे पगार थकले. त्या काळात संस्था तगली ती लोकांनी धरून ठेवली म्हणून, आणि गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडं शब्द टाकला, मग ग्रँट परत सुरू झाली. कराडचं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज रयतचंच आहे, तिथनं जाताना मला दरवेळी हे आठवतं. मी स्वतः कमवा व शिका मधनं शिकलोय, सकाळी शेतात काम आणि मग लेक्चर, त्यामुळं माझ्या शिक्षणाला कुणाकुणाची मूठ लागलीय हे मला माहिती आहे.

मला सगळ्यांना एक मनापासून सांगायचंय. आपले लोक देणगी देताना वर्गखोलीवर आईवडिलांच्या नावाची पाटी मागतात, कमान मागतात. पाटी लावा, पण त्यातले थोडे पैसे नुसते संस्थेला द्या, कशाला वापरायचे ते हेडमास्तरांना ठरवू द्या. संडासाचं दार तुटलेलं असतं आणि वर ग्रॅनाईटची पाटी असते अशा शाळा मी बघितल्यात.

सातारा_सीए

रयतवाले भाऊ, एकदम बरोबर. देणाऱ्यांसाठी तेवढं सांगतो, देणगीवरची आयकर सवलत (८०जी म्हणतात ती) जुन्या टॅक्स पद्धतीतच मिळते, रोख २,००० च्या वर दिली तर नाही मिळत, आणि संस्थेकडनं देणगीचं सर्टिफिकेट मागून घ्या. पत्रात कॉर्पस असा शब्द लिहिला की तो पैसा बांधला गेला हे लक्षात ठेवा, रोजच्या खर्चाला द्यायचा असेल तर तो शब्द लिहू नका.

विश्रामबागकर

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मुलगी ऑफिसात जाऊन आली. स्कॉलरशिप खरोखर फंडातली आहे, एका जुन्या विद्यार्थिनीच्या कुटुंबानं ठेवलेला फंड, ग्रेड टिकवली तर दुसऱ्या वर्षी चालू, तसा ईमेल पण मिळाला. तिचा कोर्स यादीत नाही. लायब्ररीतल्या कामाचं मात्र पुढच्या वर्षी नक्की सांगता येत नाही म्हणाले, तेवढ्याची तजवीज इथनं करायला लागेल. ऑडिट रिपोर्ट पण काढला, दोघं बापलेक व्हिडिओ कॉलवर बसून वाचला. अटीविना वाली ओळ तीन वर्षं सलग कमी होत आलीय, आणि उत्पन्नात फीचा वाटा निम्म्याहून जास्त दिसतोय. शिक्षण खात्याचा स्कोर दीडच्या वर आहे. हे वाईट म्हणायचं का मध्यम? बँकेत सोमवारी जातोय.

सातारा_सीए

मध्यम. तिचं एक वर्ष राहिलंय, तेवढ्यात काही होईल असं यावरनं तरी दिसत नाही. त्याच रिपोर्टमध्ये मागं नोट्स असतात, त्यात कर्जाची नोट बघा, बाँडवाल्यांनी, म्हणजे कर्ज देणाऱ्यांनी, घातलेली एखादी अट मोडलीय असं लिहिलंय का, आणि ऑडिटरनं संस्था पुढं चालेल का याबद्दल शंका घेतलीय का. दोन्ही नसेल तर निवांत झोपा. त्यांचं वर्ष बहुतेक जूनअखेर संपतं, नवीन रिपोर्ट ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येईल, तो आला की इथं टाका, बघू आपण.