संरक्षण आणि परराष्ट्र खात्याला खासदारांनी विचारलेले प्रश्न: उत्तर मोघमच का येतं?

वाचक_सोलापूर: तारांकित आणि अतारांकित यात नेमका फरक काय? आणि संरक्षणमंत्री 'तपशील देता येणार नाही' म्हणाले की विषय संपला का?

पटलावर: तारांकितला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, वर पुरवणी प्रश्न विचारता येतात. लोकसभेत दिवसाला फक्त 20, आणि सोडतीत नंबर लागावा लागतो. सकाळी 11 ते 12 या तासात त्यातले पाच-सहाच पुकारले जातात. उरलेल्यांची लेखी उत्तरं सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात. अतारांकित लोकसभेत 230, सगळी लेखी, पुरवणी नाहीच. नोटीस किमान 15 दिवस आधी.

नियम_४१: मोघम उत्तराला बहुधा प्रश्नच जबाबदार असतो. 'सीमेवर अमुक ठिकाणी किती तुकड्या?' विचारलं की गोपनीयतेचं कारण आयतंच मिळतं, मुळात तो दाखल होणंही अवघड. त्यापेक्षा 'भांडवली तरतुदीपैकी (म्हणजे शस्त्रं, सामग्री घेण्यासाठीचा पैसा) किती खर्च झाली, वर्षनिहाय सांगा' असं विचारा. आकडा टाळणं जड जातं. परराष्ट्र खात्याला 'परदेशी तुरुंगांत किती भारतीय, देशनिहाय' विचारलं तर चक्क तक्ता येतो. मित्रराष्ट्राबद्दल अनादराचे शब्द मात्र नियमातच बसत नाहीत. शिवाय पोटप्रश्नांसकट मर्यादा 150 शब्द.

पटलावर: 'माहिती गोळा केली जात आहे' हे उत्तर आश्वासन धरलं जातं. तीन महिन्यांत पूर्तता हवी, नाहीतर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते. पाठपुरावा शासकीय आश्वासन समिती करते.