जुनी स्पोर्ट्स कार आणि तिची हमाली: तुमचे अनुभव सांगा

आमच्याकडे सॅन स्टॉर्म आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: गोव्यात बनलेली, 1998 साली आलेली, दोन दारं, दोन सीट, वर कापडी हूड, म्हणजे उघडता येणारं छत. इंजिन रेनोचं, 1149 सीसी. आणि बॉडी पत्र्याची नाही, फायबरची. घेतली तेव्हा मनात होतं की रविवारी सकाळी पाम बीच रोडला एक फेरी मारायची आणि घरी येऊन पोहे खायचे. प्रत्यक्षात गेल्या वर्षभरात तिच्यातून एपीएमसीतल्या कांद्याच्या गोण्या, सासऱ्यांचा वॉकर, रंगाचे डबे आणि दहा फुटी पीव्हीसी पाइप एवढा माल गेला. पाइप कसे? हूड उघडायचं, पुढच्या काचेच्या चौकटीवर टॉवेल घालून आडवे टाकायचे आणि मागच्या टोकाला लाल फडकं बांधायचं. सिग्नलला रिक्षावाले विचारतात, "साहेब, टेम्पो आहे का?"

सुरुवात मीच करतो. सोसायटीच्या खांबाला घासून बंपरच्या कोपऱ्याला वीतभर तडा गेला. ठाण्यात तीन गॅरेज फिरलो. तिघांचं एकच म्हणणं, पत्रा असता तर ठोकून काढला असता. शेवटी बेलापूरला दिवाळे कोळीवाड्यात गेलो. जून महिना होता. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आणि डागडुजी चाललेली. तिथल्या फायबरवाल्या काकांनी गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "दादूस, ही गारी नाय, होरी हाय. हान इकरं."

त्यांनी तड्यावर ग्राइंडर फिरवून व्हीच्या आकाराची खाच पाडली. मग आतल्या बाजूने फायबरच्या मॅटचे तीन थर, प्रत्येक थरावर ब्रशने रेझिन, म्हणजे चिकट राळ, आणि हवेचा बुडबुडा दिसला की ब्रशच्या टोकाने टोचून बाहेर. रेझिन घट्ट करणारं हार्डनर त्यांनी इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून घातलं. जास्त पडलं तर डबा हातात तापतो आणि माल घट्ट होऊन वाया जातो. पावसाळी हवेमुळे संध्याकाळपर्यंत ठिगळ चिकटच होतं, मग 100 वॅटचा पिवळा बल्ब दोरीने टांगून रात्रभर शेक दिला. वरून रंग अजून मारलेला नाही. पण तिथे टिचकी मारली तर बाकीच्या बॉडीपेक्षा जास्त खणखणीत आवाज येतो.

आता तुमचं येऊ द्या. जुगाड, हमाली, दोन्ही चालेल.

ऐरोलीची पालिओ

फियाट पालिओला स्पोर्ट्स कार म्हणायचं का यावर वाद नको. 1.6 जीटीएक्स आहे, ज्यांनी चालवली त्यांना विचारा.

मे महिन्यात कळव्याहून येताना विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली अडकलो आणि तापमानाचा काटा लाल पट्टीवर गेला. रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता. एसी बंद केला, हीटर फुल्ल केला, काचा खाली. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनची थोडी उष्णता तिकडून निघून जाते. गाडी वाचली, माझे पाय भाजले. आई मागे बसली होती. तिने पिशवीतली कोथिंबीर तोंडावर धरली आणि ऐरोलीपर्यंत एक शब्द बोलली नाही.

पंख्याचा सेन्सर गेला होता आणि मिळत नव्हता. दिघ्याच्या वायरमनने रिले आणि फ्यूज टाकून थेट वायर ओढली आणि स्टिअरिंगखाली बेड स्विच लोंबकळत ठेवला. हो, पलंगाशेजारी असतो तोच, पांढरा. तात्पुरतं म्हणून केलेलं, त्याला आता तीन वर्षं झाली. एकदा वाशीला सुरू ठेवून सिनेमाला गेलो, आलो तर बॅटरी ठार. आता गाडीतून उतरलं की बायको विचारते, "पंखा बंद केलास?" शेजाऱ्यांना वाटतं घरचाच पंखा.

15 वर्षं झाल्यावर पासिंगला नेली तेव्हा तपासणाऱ्या साहेबांनी स्विच दाबला, पुढे घुर्र झालं, परत दाबला, थांबलं. तीन वेळा केलं. मग हसून पुढच्या गाडीकडे गेले.

तीन दारी झेन, घणसोली

मारुतीची 2003ची झेन कार्बन, काळी. तुर्भ्याजवळ ॲक्सिलरेटरची केबल तुटली. डिकीत मिठाईच्या खोक्याची सुतळी होती. ती इंजिनवर जिथे केबल अडकते त्या थ्रॉटलच्या कानाला बांधली, बॉनेटच्या फटीतून काढून डाव्या खिडकीतून आत घेतली आणि टोक बायकोच्या हातात दिलं. क्लच, गिअर, ब्रेक माझे, रेस तिची. मी "ओढ" म्हटलं की ओढायचं, "सोड" म्हटलं की सोडायचं. कोपरखैरण्यापर्यंत छान जमलं. पुढे एका कुत्र्याला वाचवताना मी "अरे अरे" ओरडलो, ते तिने "ओढ" ऐकलं. कुत्रा वाचला. तेव्हापासून केबलचा एक जादा नग डिकीत असतो, तोही तिने स्वतः आणलेला.

घोडबंदर रोड

पत्त्यावरूनच कळलं असेल, माझा विषय सायलेन्सर. गायमुखच्या खड्ड्यात पाइपला भोक पडलं. कोल्ड्रिंकचा कॅन कापून गुंडाळला, वरून दोन होज क्लिप आवळल्या. आठवडा निघाला. पाइप गार झाल्याशिवाय हात लावू नका, माझ्या अंगठ्यावर त्याची आठवण अजून आहे.

मी जुना माणूस, कळवा

वाचून मजा आली, म्हणून दोन शब्द. पेट्रोलच्या टाकीला बारीक भोक पडलं तर अंगाच्या साबणाची वडी घासा, पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. घरी पोचेपर्यंत धरतं. आसपास विडी-सिगरेट नको हे सांगायला नको, तरी सांगतो.

पण ब्रेक ऑइल संपलं म्हणून साबणाचं पाणी ओतणारे मी पाहिलेत. ते करू नका. डॉट 3 प्रतीचं ताजं ब्रेक ऑइल 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी 100लाच उकळतं. घाटात ब्रेक तापले की पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल थेट जमिनीला टेकतं. अशी गाडी टो करून आणा. अपमान वाटत असेल तर तोंडाला रुमाल बांधा.

आणि धागाकर्ते, तुमच्या स्टॉर्मच्या इंजिनचा पट्टा (बेल्ट) कधी मिळत नसेल तर गाडीचं नाव सांगत बसू नका. जुन्या पट्ट्यावर नंबर असतो. 5पीके म्हणजे पाच धारी, पुढचा आकडा मिलिमीटरमध्ये लांबी. दुकानदाराला तेवढं पुरतं.

पाचपाखाडी, आता पुण्यात

स्टॉर्म! आमच्या बाबांकडे होती, लाल. ठाण्यात फार नव्हत्या. दरवर्षी गणपती त्याच गाडीतून यायचे. हूड उघडं, बाबा चालवणार, शेजारी बाप्पा, आणि आम्ही तिघी मागून रिक्षाने. सीट मागे उतरती असते ना, त्यामुळे शाडूची मूर्ती मागे कलायची. बाबांनी वागळे इस्टेटमधून प्लायवूडचा एक पाट करून घेतला होता, मागे चार इंच जाड, पुढे निमुळता. तो ठेवला की सीट सपाट. वर आईची घडी घातलेली चादर, मग मूर्ती, मग सीटचा पट्टा. माजिवड्याच्या सिग्नलला बसमधले लोक खिडकीतून हात जोडायचे, बाबा उगाचच त्यांना मान डोलवायचे.

एका वर्षी हूड डाव्या कोपऱ्यात फाटलं. जांभळी नाक्याजवळ पावसाळ्याआधी छत्रीवाले बसायचे, त्यातल्या एकाने छत्रीच्या काळ्या कापडाचं ठिगळ लावून दिलं. पैसे एका छत्रीचेच घेतले. गाडी विकली त्याला दहा वर्षं होतील.

धागाकर्ता

थांबा. आमची निळी आहे, पण दाराच्या आतल्या कडेला लाल रंग दिसतो. ठाण्यातल्याच माणसाकडून घेतली, तो तिसरा मालक. आता पार्किंगमध्ये जाऊन येतो.

धागाकर्ता

टॉर्च घेऊन बघून आलो. डाव्या कोपऱ्यात ठिगळ आहे. काळं, आणि टाके छत्रीच्या काडीला घालतात तसे, आडवे. मला वाटायचं कंपनीचंच आहे.

आणि डिकीत एक प्लायवूडचा तुकडा आहे. मागे चार बोटं जाड, पुढे निमुळता. मी गेली पाच वर्षं तो चढावर चाकाखाली लावतोय. काय सांगू, त्यावर टायरचे वळ उठलेत.

पाचपाखाडी, आता पुण्यात

खालच्या बाजूला बाबांनी पेन्सिलने बाण काढून "पुढे" असं लिहिलं होतं. दरवर्षी उलटा ठेवायचे म्हणून.

धागाकर्ता

"पु" गेलाय. "ढे" आहे.

धुऊन, पुसून वर माळ्यावर ठेवलाय. ताई, तुम्ही ठाण्याला कधी येताय ते सांगा. चाकाखाली आता वीट लावतो.