मदत हवी आहे: पर्डी बंदुकांच्या जोडीचा मूळ मालक कसा शोधावा?

इंग्लंडमध्ये सासऱ्यांकडे जेम्स पर्डी या लंडनच्या बंदूक बनवणाऱ्या कंपनीच्या बारा बोअर (नळीच्या व्यासाचं माप) बंदुकांची जोडी आहे. नळ्यांवर सोन्यात १ आणि २. दस्त्याखाली चांदीच्या लंबगोल पत्र्यावर चोचीत किल्ली धरलेला पक्षी. असं चिन्ह अनेक घराणी वापरतात, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

सिरियल नंबरवरून कंपनीच्या जुन्या वहीत १९११ साल, 'कॅप्टन' आणि आडनाव एवढंच मिळालं. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने ऑनलाइन ठेवलेल्या आर्मी लिस्टमध्ये (ब्रिटिश सैन्यातल्या अधिकाऱ्यांची छापील यादी) त्या आडनावाचे दोन कॅप्टन निघतात, रेजिमेंट वेगवेगळ्या.

लायसन्स आहे. विकायच्या नाहीत, किंमतही नको. माणूस कोण होता ते मनापासून जाणून घ्यायचंय. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या डब्ल्यूओ ३३९ फायलींत (पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैन्याधिकाऱ्यांची कागदपत्रं) अधिकाऱ्याच्या घरचा पत्ता, वारस सापडतात का, की आधी दोघांची मृत्युपत्रं काढावीत?