अनुभव धागा: कोल्हापुरातलं चर्च, आपलं आणि शेजारचं

पाळकांची नात
कोल्हापुरात ख्रिस्ती म्हटलं की बहुतेकांना वायल्डर चर्च नाहीतर मिशनचा दवाखाना आठवतो. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर इथं १८५२ साली आले, १८७० मध्ये त्यांचं काम प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट मिशनकडं गेलं आणि आमची घरं त्यातलीच. माझ्या ओळखीचे कॅथलिक बहुतेक सावंतवाडी-गोव्याकडून नोकरीनिमित्त आलेले. लहानपणी आम्हाला वाटायचं, ते जुन्या वळणाचे आणि आपण सुधारलेले. नणंद कॅथलिक घरात गेली, मिस्साला, म्हणजे त्यांच्या उपासनेला, जाणंयेणं वाढलं आणि माझं मत पार उलटं झालं. १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर त्यांची लॅटिन जाऊन लोकांची भाषा आली, वेदीकडं तोंड करून उभा राहणारा फादर लोकांकडं वळला. आमच्याकडं पाळकसाहेबांनी उपासनेतलं एक गीत मागंपुढं केलं तरी पंच कमिटीत तासभर खडाजंगी!

सुरुवात सासूबाईंपासून. पहिल्यांदाच मिस्साला आल्या होत्या. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सगळ्यांबरोबर खणखणीत चाललेलं. 'वाइटापासून सोडव' म्हणून अख्खं चर्च थांबलं आणि सासूबाई एकट्याच पुढं, "कारण की राज्य, सामर्थ्य..." कॅथलिक तिथं थांबतात, फादर मध्ये एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि मग लोक ते शेवटचं वाक्य घेतात. सासूबाईंनी तेव्हा परत म्हटलं. रिक्षात म्हणाल्या, "देवाला दोनदा ऐकू गेलं, बिघडलं काय?"

लिहा आपापले अनुभव. कुणाचं खरं यावर भांडायला दुसरे धागे आहेत.

रंकाळाकाठ
मी ख्रिस्ती नाही. मैत्रिणीच्या लग्नाला सगळं घर घेऊन गेलो होतो. मिस्सात लोक रांगेनं पुढं निघाले तसे आमचे मामाही निघाले. प्रसाद म्हटल्यावर मामा मागं राहतात होय! हातात ती पातळ पांढरी चकती पडली, मामांनी ती रुमालात बांधली आणि खिशात टाकली, घरी आजीला द्यायला. एक स्वयंसेवक धावतच आला. खालच्या आवाजात म्हणाला, "काका, हे इथंच घ्यायचं असतं, घरी नेत नाहीत. नसेल घ्यायचं तर माझ्याकडं द्या." मामांनी दिलं, पण दुखावले. आपल्यात प्रसाद घरी न नेणं म्हणजे उलट अपमान. मैत्रिणीनं नंतर नीट सांगितलं, त्यांच्या श्रद्धेनं तो नुसता प्रसाद नाही, ख्रिस्ताचं शरीरच आहे, म्हणून इतकी काळजी. मामा म्हणाले, "मग आधी सांगायचं की गा."

बांदा ते बिंदू चौक
रंकाळाकाठ, हल्ली लग्नात फादर आधीच सांगतात. कॅथलिक नसलेल्यांनी रांगेत यायचं असेल तर दोन्ही हात छातीवर आडवे धरायचे, फादर आशीर्वाद देतात. बऱ्याच ठिकाणी ही पद्धत आहे.

आमच्या आजीचं सांगतो. तिच्या लहानपणी कम्युनियन, म्हणजे तीच चकती, घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा बंद. १९५३ मध्ये पाण्याची सूट मिळाली, १९५७ ला उपास तीन तासांवर आला, १९६४ ला एका तासावर. आजीनं यातली एकही सूट घेतली नाही. लॅटिन मिस्सा चालू असताना ती आपली रोजरी (जपमाळेवरची प्रार्थना) म्हणायची, कारण समजत काहीच नव्हतं, फक्त घंटी वाजली की मान खाली. मराठी मिस्सा आल्यावर सगळं समजायला लागलं, तरी रोजरी सोडली नाही! आजोबा वेदीसेवक, म्हणजे मिस्सात फादरांचे मदतनीस होते, त्यांना 'एत कुम स्पिरितु तुओ' हे लॅटिन उत्तर शेवटपर्यंत पाठ. अर्थ विचारला की रागवायचे.

आता आम्ही सिंधुदुर्ग धर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या बिशपांच्या हद्दीत. २००५ मध्ये पुण्यातून वेगळा निघाला, कोल्हापूर आणि रत्नागिरी त्यातच.

तांबडापांढरा
लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या, शुक्रवारी मटण बंद. कोल्हापुरात. अजून काय लिहू?

समईवाली
माझा अनुभव आरतीचा. १९६९ मध्ये भारतातल्या कॅथलिक चर्चला बारा गोष्टींची परवानगी मिळाली, त्यात आरती, जमिनीवर बसणं, हात जोडून नमस्कार हेही होतं. आमच्या घरात यावरून दोन तट. काका म्हणायचे, हे आपलं नव्हे. आई म्हणायची, मिस्सात एकमेकांना "शांती द्या" म्हणताना हात जोडता तेव्हा चालतं की. २०२० मध्ये जगभर शांतीचे हस्तांदोलन बंद झाले तेव्हा आम्हाला काही बदलावंच लागलं नाही. आईनं ते काकांना मुद्दाम फोन करून सांगितलं.

दुसरा बदल २०१६ चा. पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, फादर बारा जणांचे पाय धुतात. तोवर नियमानं फक्त पुरुष. पोप फ्रान्सिस यांनी बायकांनाही बसायला मोकळीक दिली. मावशीचं नाव यादीत आलं तेव्हा ती आदल्या दिवशी टाचेच्या भेगा घासत बसली होती. "फादरांपुढं असले पाय कसे पुढं करू?" उत्साहापेक्षा लाजच जास्त.

की-बोर्डवाला
पाळकांची नात, आमच्या बाजूचंही ऐका. आमच्या चर्चमध्ये नारायण वामन टिळकांची गीतं पेटी-तबल्यावर व्हायची. आता ड्रम, प्रोजेक्टर, हिंदी गाणी. वाजवतो मीच, त्यामुळं शिव्याही मलाच. पण खरं सांगतो, मिस्साला गेलो तेव्हा तिथं कुणी टिळकांचं गीत धरलं आणि माझ्यासकट मागचे सगळे प्रोटेस्टंट एकदम मोठ्यानं सुरू झाले. आपल्याच चर्चमध्ये हे महिन्यातून एकदासुद्धा होत नाही.

प्रभुभोजनाचा द्राक्षरस मात्र आमच्याकडं अजून काकूच करतात. काळ्या मनुका शनिवारी भिजत घालायच्या, उकळायच्या, फडक्यातून पिळून गाळायच्या. पावाचे तुकडे, छोटे छोटे पेले. कॅथलिकांकडं बिनखमिराची भाकर आणि खरी वाइन लागते, त्यात तडजोड नाही. काकूंच्या रसातही नाही; बाटलीतला आणू म्हटलं तर बोलत नाहीत.

रंकाळाकाठ
यंदा नाताळच्या रात्री आई मिस्साला यायचं म्हणतीय. कुठं बसवू?

बांदा ते बिंदू चौक
मागं, कडेच्या बाकावर. लोक गुडघे टेकतील तेव्हा तिनं नुसतं बसलं तरी कुणी काही म्हणत नाही. स्वेटर घाला आणि अकरालाच या, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.